दोन बोटांचा फरक

टेपकाकूंच्या गळ्यात मोजपट्टी नाही, असा एकही दिवस कुणाला आठवत नाही. बँकेत जा, दवाखान्यात जा, ती पिवळी टेप गळ्यात लोंबतेच आहे. त्यापायी त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि शेजारचे लहानथोर सगळे त्यांना टेपकाकूच म्हणू लागले. नजरही टेपेसारखीच. रस्त्यात कुणी भेटलं की आधी खांदे बघायच्या, मग तोंड. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते सांगायचे, "पहिल्या भेटीत मला वाटलं, लाजून मान खाली घातलीय. नंतर कळलं, माझा एक खांदा पडका आहे का ते बघत होती."

"होताच पडका," टेपकाकू म्हणायच्या. "अजून आहे."

बावीस वर्षं त्यांनी एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या लांबट खोलीत पाठीचे आणि कमरेचे पट्टे शिवले. जाड कापडाचे तीन थर, मधल्या नळ्यांत पोलादी पट्ट्या, मागे ओढून बांधायच्या नाड्या. ज्याचं दुखणं त्याचं माप. मग कारखान्यातून तयार पट्टे यायला लागले. चार आकार, दाबले की चिकटणारे, ओढले की चर्रकन सुटणारे. खोलीला कुलूप लागलं. टेपकाकू तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि घरी हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात लागल्या.

तिथे पहिल्याच वर्षी जुन्या काळातलं विलायती नाटक आलं आणि त्याबरोबर कॉर्सेट आली, म्हणजे तिकडच्या बायका झग्याच्या आत घालायच्या ती पट्ट्यांची, नाड्यांनी आवळायची चोळी. नायिकेची कॉर्सेट टेपकाकूंच्या आधीच्या शिंप्याने चित्र बघून शिवली होती. दोन मदतनीस बायकांनी पाय रोवून नाड्या ओढल्या. दुसऱ्या अंकात नायिका खुर्चीत बसली ती उठेचना. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"त्या काळच्या बायका कशा जगत होत्या, कोण जाणे," दिग्दर्शक म्हणाले.

"जगत होत्या, कामंही करत होत्या," टेपकाकू म्हणाल्या. "म्हणजे चूक आपलीच कुठेतरी असणार."

हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी स्वतःच्या मापाची एक कॉर्सेट मांजरपाटाची शिवली. पट्ट्या म्हणून वायरी आवळायच्या जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून घातल्या. आणि आठ दिवस ती कपड्यांच्या आत घालून सगळी कामं केली. भांडी घासली, जिने चढल्या, धावत जाऊन बस पकडली. बसमध्ये एकाने कोपर मारलं तर कोपर त्याचंच झणझणलं. आठ दिवसांत त्यांना कळलं की कमरेत वाकता येत नाही, गुडघ्यात वाकावं लागतं. घाईने जेवता येत नाही. पण श्वास घेता येतो, फक्त तो पोटातून न येता वर छातीतून येतो, आणि त्यासाठी वरची कड सैल हवी. नायिकेच्या कॉर्सेटीत नेमकी तीच आवळलेली होती. शिवाय शिवणकामामुळे धरलेली टेपकाकूंची स्वतःची पाठही त्या आठवड्यात जरा सुटली. त्यांनी नायिकेचं माप नव्याने घेतलं, कॉर्सेट उसवून पुन्हा शिवली, आणि बाईंनी तिन्ही अंक गात पार पाडले.

ही गोष्ट कर्णोपकर्णी शहरातल्या संग्रहालयात पोहोचली. तिथल्या वस्त्रविभागाच्या मॅडम एका दुपारी कपडेपटात आल्या. त्यांच्याकडे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीची एक कॉर्सेट होती. ती काचेआड ठेवायची आणि शेजारी तिची नक्कल ठेवायची, म्हणजे लोकांना हात लावून बघता येईल, असा बेत होता.

"फक्त एक करा," मॅडम म्हणाल्या. "मूळ वस्तू जरा ओबडधोबड आहे. नक्कल दोन्ही बाजूंनी सारखी शिवा."

संग्रहालयाच्या तळघरातल्या खोलीत पांढऱ्या कागदात गुंडाळलेली ती कॉर्सेट टेपकाकूंच्या समोर आली. सोबत एक पिवळं पडलेलं कार्ड. 'कारागिरी सामान्य. डावी-उजवी बाजू असमान.' टेपकाकूंनी सुती हातमोजे चढवले, भिंग घेतलं आणि तीन दिवस त्या तिथेच बसल्या. देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या नेफ्यासारख्या बारीक नळ्यांमध्ये सरकवलेल्या होत्या. मॅडमनी सांगितलं नसतं तर टेपकाकूंना ते शिंगच वाटलं असतं. टाके हाताचे. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत बारा टाके, सगळे एका उंचीचे, जसे काही मुंग्या ओळीने चालल्यात.

इथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचा टाका इतका सरळ, त्याची कात्री इतकी वाकडी कशी? उजवीकडचा पाठीचा तुकडा डाव्यापेक्षा दोन बोटं उंच होता, शिवाय बोटभर रुंद. डावीकडे, पाठीच्या फऱ्याखाली, अस्तरात काहीतरी फुगीर लागत होतं. अस्तराच्या उसवलेल्या कडेतून त्यांनी भिंगाने आत बघितलं. लोकर होती. थरावर थर ठेवून, टाके घालून बसवलेली छोटी गादी. आणि त्या बाजूच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूपेक्षा जवळजवळ होत्या.

टेपकाकूंनी भिंग खाली ठेवलं. असे पट्टे त्यांनी स्वतः शेकड्यांनी शिवले होते. शिवणाऱ्याची कात्री वाकडी नव्हती, जिच्यासाठी शिवलं तिची पाठ वळलेली होती.

त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी मन लावून ऐकलं, पण त्यांचा स्वर सावध झाला. "शक्य आहे. पण अडीचशे वर्षं कपाटात पडून कापड ओढलंही जातं. आमचे प्रमुख पुरावा मागतील."

"मग मूळ वाकडी आहे तशीच नक्कल शिवून बघते," टेपकाकू म्हणाल्या. "तुमची सरळ नंतर शिवून देईन."

घरी जेवणाच्या टेबलावर मांजरपाट पसरलं. आता घरातल्या तिसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. यजमानांची थोरली बहीण, टेपकाकूंच्या वन्सं, माडीवरच्या खोलीत राहायच्या. एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावरही छापखाना अवघड पुस्तकं त्यांच्याकडे पाठवायचा. चूक दिसली की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा, मग ती चूक औषधाच्या खोक्यावरची का असेना. अंगात कायम तयार घेतलेले, दोन माप मोठे, ढगळ सदरे. घरात शिवणारीण असून वन्संनी कधी स्वतःचं माप दिलं नव्हतं आणि टेपकाकूंनी कधी मागितलं नव्हतं.

वन्सं पाणी प्यायला खाली आल्या, टेबलावरची अर्धी शिवलेली कॉर्सेट बघितली आणि म्हणाल्या, "एक बाजू चुकलीय तुझी."

"चुकली नाही. मूळ तशीच आहे. जिची होती तिची पाठ तशी होती."

वन्संनी तांब्या खाली ठेवला. तशाच वर गेल्या. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्या येऊन टेबलापाशी बसल्या आणि सरळ विचारलं, "कोण होती ती?"

"नाव नाही कुठे. पण कामाची बाई असावी, मिरवायची नव्हे. उजव्या काखेचा गोट दोनदा बदललाय. हात सारखा चालत असणार. खाली कमरेवर पसरणाऱ्या पाकळ्यांची कड घासून पार पातळ झालीय. आणि पुढची वरची शिवण कुणीतरी उसवून रुंद केलीय, नंतर पुन्हा अरुंद."

"मूल?"

"मला तसंच वाटतं."

वन्सं नक्कल हातात घेऊन फिरवत राहिल्या. "गादी कशाला? आधाराला?"

"तेच कळत नाही. आधार पट्ट्यांनी मिळतो. गादी कदाचित नुसती खळगा भरायला असेल, वरचा झगा मागून सरळ पडावा म्हणून. पण कुणाच्या तरी अंगावर बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मग वन्सं पेन्सिलीशी चाळा करत म्हणाल्या, "मी घालून बघितली तर?"

"तुम्हाला ही व्हायची नाही, वन्सं. तिचा उजवा खांदा वर होता. तुमचा डावा आहे."

हे बोलून गेल्यावर टेपकाकूंना जीभ चावावीशी वाटली. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही दार उघडलंत तेव्हापासून."

"आणि तीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

वन्सं हसल्या. आधी नाकातून, मग चक्क खो खो. "आणि मी मूर्खासारखी उन्हाळ्यातसुद्धा ढगळ सदरे घालून लपवतेय. तेही कुणापासून, तर तुझ्यापासून." मग उठल्या आणि हात बाजूला धरून उभ्या राहिल्या. "घे माप. आणि गार टेप लावू नकोस."

टेपकाकूंनी टेप तळहातांत चोळून कोमट केली. बावीस वर्षं त्यांनी रोजचीच मापं घेतली होती, पण त्या दिवशी आकडा लिहिताना त्यांची बोटं सावकाश चालली. वन्सं मात्र प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लावत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "सात लिहिलास की एक? नीट काढ."

कापणीचे सगळे नमुने टेपकाकूंनी आरशातल्यासारखे उलटे केले, वन्संच्या मापाला जुळवले आणि आठवडाभराने कॉर्सेट तयार झाली. पट्ट्यांची टोकं घासून गुळगुळीत करायचं काम यजमानांनी आपल्या घड्याळाच्या कानशीने केलं. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "ताईला टोचता कामा नये."

वन्संनी ती घातली. टेपकाकूंनी नाड्या खालून वर, हळूहळू ओढल्या.

"कसं वाटतंय?"

वन्सं शब्द शोधून शोधून बोलायच्या, तशाच बोलल्या. "दाबल्यासारखं नाही. मागे कुणीतरी पाठीला हात देऊन उभं आहे असं." मग चालून बघितलं, खुर्चीत बसल्या, उठल्या. "इथे, बरगडीपाशी, रोज दुपारी दुखतं. आता नाही दुखत. पण शिंक आली तर पंचाईत होईल."

टेपकाकूंनी वरून साधा झगा चढवला आणि त्या मागे गेल्या. कापड दोन्ही खांद्यांवरून सारखं, सरळ खाली पडलं होतं. मग त्यांनी कच्च्या टाक्यांवर बसवलेली गादी काढली आणि पुन्हा झगा घातला. एका बाजूला घडी पडली, झोळ आला. गादी घातली, झोळ गेला. टेपकाकूंनी हे तीनदा करून बघितलं, आणि तिसऱ्यांदा वन्सं म्हणाल्या, "अगं, मी काय खिडकी आहे का, पडदे चढवायला?"

संग्रहालयात वन्सं स्वतःहून आल्या. वस्त्रविभागाचे प्रमुख उंच, मितभाषी गृहस्थ होते. नाटकातल्या शिवणारणीचा अंदाज कार्डावर कसा लिहायचा, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैरही नव्हता. वन्सं आतल्या खोलीत जाऊन झगा घालून आल्या, त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगा, माझा कुठला खांदा वर आहे?"

प्रमुखांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ बघितलं. "दोन्ही सारखेच दिसतात."

"आता वहिनी गादी काढेल. पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटांनी त्या पुन्हा तशाच उभ्या राहिल्या. या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. प्रमुख मूळ कॉर्सेटीपाशी गेले, भिंग मागितलं आणि तासभर त्यांनी टेपकाकूंना प्रश्न विचारले. पट्ट्या जवळ का, गोट बदलला हे कशावरून, गादी नंतर घातलेली असेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टेपकाकूंना ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं. मग दोघांनी अस्तराचा आणि गादीचा दोरा शेजारी ठेवून बघितला. दोरा एकच होता.

नवं कार्ड लिहायला घेतलं तेव्हा वन्सं खुर्ची ओढून शेजारी बसल्या. प्रमुखांनी लिहिलं, 'वळलेल्या पाठीच्या स्त्रीसाठी मुद्दाम बेतलेली असावी.' मॅडमना वाटलं, 'असावी' काढावं. एवढा पुरावा आहे.

"राहू द्या," वन्सं म्हणाल्या. "आपण तिला बघितलेलं नाही. पण ते 'कारागिरी सामान्य' मात्र खोडा."

ते खोडलं गेलं. काचेआडच्या पुतळ्यालाही टेपकाकूंनी कापूस भरून उजवा खांदा वर दिला. त्यावर ती जुनी कॉर्सेट कुठेही न ओढता, न चुरगळता बसली. शेजारी तशीच वाकडी नक्कल ठेवली गेली. सरळ नक्कल पुन्हा कुणी मागितली नाही.

वन्सं आपली कॉर्सेट रोज घालत नाहीत. मोठं मुद्रित तपासायचं असलं, तासन् तास बसायचं असलं, तरच घालतात. पण टेपकाकूंनी त्यांना मापाचे चार सदरे शिवून दिले आणि ढगळ सदऱ्यांची घड्याळं पुसायची फडकी झाली.

त्यानंतर वर्षभराने दुसऱ्या एका गावच्या संग्रहालयातून टेपकाकूंना पत्र आलं. त्यांच्याकडे एका पुरुषाचा जुना कोट होता, ज्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड होती, आणि तिला खिसा नको तिथे खिसा होता. येऊन बघाल का, असं विचारलं होतं. टेपकाकूंनी पत्र वाचता वाचताच भिंग पुसायला घेतलं. वन्संनी पत्रातल्या दोन चुकांखाली रेघा ओढल्या आणि विचारलं, "गाडी किती वाजता आहे? आणि खिडकी माझी, आत्ताच सांगते."

"हाताचा त्रास असेल, की गाडीवान असेल?" टेपकाकू म्हणाल्या. त्यांचं खिडकीकडे लक्षच नव्हतं. "लगाम धरणारा हात सारखा वाकलेला राहतो. पण मग तो खिसा कशाला?"