सहीच्या पाठीमागच्या दोन ओळी

लव्हडे नान्सच्या घरी मी भाडेकरू म्हणून आले, तेव्हा माझे गुडघे रंगमंचाच्या कामाचे उरले नव्हते आणि समुद्रकाठच्या पेनवार्न गावात नाटकवालीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. लव्हडेने दार उघडलं, माझ्या टोपीवरची पिसं पाहिली आणि म्हणाली, "पिसं बाहेरच झटका. आत शेवाळ वाळतंय." झालं, राहिले मी!

समुद्रातलं शेवाळ कागदावर चिकटवून ते उन्हाळी पाहुण्यांना विकणं, हा तिचा धंदा. पसरट थाळीत पाणी घ्यायचं, शेवाळ तरंगत सोडायचं, खालून कागद सरकवायचा आणि अलगद उचलायचं. आईने शिकवलेलं. ही आई, ग्रेस, म्हणजे शेवाळांवर ग्रंथ लिहिणाऱ्या डॉक्टर ट्रेगार्थेन यांची सख्खी बहीण. भाऊ लंडनला, बहीण ओहोटीच्या खडकांत, पुरुषी बूट घालून, गुडघाभर पाण्यात. तिने तीस वर्षं त्याला शेवाळाच्या पेट्या भरून पाठवल्या. भावाची पत्रं दर आठवड्याला यायची, न्याहारीच्या टेबलावर मोठ्याने वाचली जायची. ग्रंथांत मात्र ग्रेसचं नाव एकदाही नाही.

दोघंही गेली. डॉक्टरांचा मुलगा एडमंड वडिलांची पत्रं पुस्तकरूपाने छापायला निघाला. लव्हडेने त्याला लिहिलं, "माझ्या आईचं काम त्यात येऊ दे." त्याचं उत्तर आलं, "वडिलांच्या हातचं काही असेल तर दाखव. महिनाअखेरीस मजकूर छापखान्यात जाईल."

तिने सगळे खण उपसले आणि डॉक्टरांनी तिच्या वडिलांना लिहिलेलं एक पत्र सापडलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'ती तीन लाल शेवाळं निराळ्या जातींची आहेत हे पहिल्यांदा ओळखलं ते' आणि पुढे भोक! पान उलटलं, तर मागे जिथे सही असायची तिथेही तेच भोक.

"कुठल्या मेल्याने कापलं हे?" मी ओरडले.

"आईनेच," लव्हडे म्हणाली.

तेव्हा घरोघरी सह्यांच्या वह्या असायच्या. कुणी चहाला आलं की म्हणायचं, "ग्रेस, तुझ्या भावाची एखादी सही दे ना गं." ग्रेसला नाही म्हणता येत नसे. कात्री घ्यायची, पत्राचा तळ कापायचा आणि केशरी पावाबरोबर हातावर ठेवायचा. मागच्या बाजूला काय लिहिलंय, ते कोण बघतो!

लव्हडेने सही नेलेल्यांची यादी केली आणि ते पत्र आणि मला घेऊन ती दारोदार निघाली. नऊ घरं झाली, कापलेली कड कुठेच जुळेना. दहावं घर मिसेस हॉस्किनचं, मासळीच्या व्यापाऱ्याची विधवा. तिथे एका बिशपच्या आणि एका सेनापतीच्या सहीच्या मधोमध तुकडा चिकटवला होता. पत्र शेजारी धरलं. कड कडेला बसली.

"मिसेस हॉस्किन, हा सोडवावा लागेल."

"सोडवशील आणि सही धुऊन जाईल! माझ्या वहीचा मुकुटमणी आहे तो. आणि या बाई कोण सोबत? नाटकातल्या ना?"

"हो," मी म्हणाले. "पण आज मला संवाद नाहीत."

"कणकेच्या खळीने चिकटवलंय की सरसाने?" लव्हडेने विचारलं.

"खळीने."

"मग सुटेल. मामाची शाई पाण्याला दाद देत नाही. त्याची कितीतरी पत्रं शेवाळाच्या परत आलेल्या ओल्या पेट्यांत भिजून आली आहेत, मी वाचली आहेत. थाळी आणा. तुमच्या डोळ्यांदेखत करते. सही बिघडली, तर त्याचं दुसरं एक अख्खं पत्र तुमचं."

मिसेस हॉस्किनने ओठ चावले. पण थाळी आणली.

लव्हडेने वहीच्या पानाचा तेवढाच भाग कापून पाण्यावर सोडला. आम्ही तिघी थाळीवर वाकलो. मी रंगमंचावर हजार माणसांसमोर मेले आहे, पण अशी शांतता कधी ऐकली नाही. पाव तासाने तुकडा सुटला. लव्हडेने खालून कागद सरकवला, उचलला, उलटा केला. दोनच ओळी:

'माझ्या ग्रेसने, मी नव्हे. पण तिचं नाव छापायला ती नको म्हणते, आणि मी तिचं ऐकतो.'

"अगं बाई," मिसेस हॉस्किन हळूच म्हणाली. "म्हणजे तिलाच नको होतं. आता राहू दे, लव्हडे. मेलेल्या आईचा शब्द मोडायचा का?"

लव्हडे तुकडा टिपकागदावर दाबत होती. "आई चहाच्या दुसऱ्या कपालाही नको म्हणायची. तुम्ही ओतत होता की नाही?"

"ओतत होते."

"आणि ती पीत होती की नाही?"

मिसेस हॉस्किनने तुकडा लंडनला न्यायला दिला, एका अटीवर: परत आणायचा. लव्हडेने टपालावर भरवसा ठेवला नाही, स्वतः गाडीत बसली. दोन दिवसांनी तुकडा घेऊन परतली, टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"छापतोय एडमंड?" मी विचारलं.

"पहिलं वाक्य छापतो म्हणाला. दुसरं गाळू या, बाबा बहिणीचं ऐकून गप्प बसले असं दिसेल, म्हणाला."

"मग?"

"मी सांगितलं, दोन्ही छाप. आई नको म्हणाली हेही लोकांना कळू दे, आणि कुणी ऐकलं तेही. बराच वेळ बसले त्याच्यासमोर. त्याच्या बायकोने दोनदा जेवायला बोलावलं, मी उठले नाही." तिने बूट सैल केले. "शेवटी त्याने दोन्ही वाक्यं स्वतःच्या हाताने उतरून घेतली. मी एकेक शब्द पडताळला आणि मगच जेवले."