देवघराच्या चार भिंती

"देवघर कोनं काढलं?" काकाजींनी त्यांच्या नव्या घराच्या नकाशावर हात ठेवून विचारलं.

मी पुढे झाले. "मी काढलं." वाटलं, शाबासकी मिळणार. त्या घरात तेच सगळ्यात अवघड होतं. प्लॉटचा तो कोपरा तिरका, त्यात देवघर बसवायचं. मी दोन दिवस डोकं घातलं होतं.

"तू कोनाची पोट्टी व्हय वं?"

मी आईचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, आडनावही सांगितलं. लपवायचं कारणच नव्हतं. काकाजी आईला चांगलं ओळखत होते. नेरजवळच्या त्यांच्या शेतात ती वीस वर्षं कापूस वेचत होती. माझं ऐकून त्यांनी नकाशावरचा हात काढून घेतला आणि सरांकडे वळले.

"साहेब, नकाशा झकास हाये. फकत देवघर तेवढं दुसऱ्याच्या हातानं काढून घ्या. घरच्या बायाईले पटनार नाही."

"काहीच अडचण नाही," सर म्हणाले. लगेच म्हणाले. एक क्षणही थांबले नाहीत. सर म्हणजे आमचे इंजिनीअर, यवतमाळात नाव असलेले, माझे मालक. चहाच्या वेळी आपण जातपात मानत नाही हे आठवड्यातून दोनदा तरी सांगणारे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढं पुसून टाक. माझा भाचा काढेल परत."

पुसलं. मीच पुसलं.

कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा काढायच्या प्रोग्रॅममध्ये, भिंत काढली की आधी ती सुट्या रेषांची असते. रेषांची टोकं एकमेकांना टेकवायची, त्या जोडून एक करायच्या, तेव्हा कुठे बंद चौकट होते. चौकट बंद झाली तरच कॉम्प्युटर तिचं क्षेत्रफळ सांगतो. केसाएवढी फट राहिली तरी अडून बसतो. आयटीआयमध्ये मी हे सगळ्यांत चांगलं शिकले होते. माझ्या चौकटीवर एकदा क्लिक केलं की ती अख्खी उजळायची. त्या दिवशीही उजळली. काकाजी माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी डिलीट दाबलं.

ही गोष्ट मी आईला कशी सांगणार होते? नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. नकाशा कोणी काढला, त्याचं नाव तिथे टाकतात. तीन वर्षं मी काढलेल्या नकाशांवर सरांच्या भाच्याचं नाव छापून जात होतं. या वेळी सर स्वतःहून म्हणाले होते, "ह्याच्यावर तुझं टाकू." आईने ते अख्ख्या वस्तीत सांगितलं होतं. वेचणीच्या बायांना तर रोज सांगायची, "काकाजीच्या घराच्या नकाशावर माह्या पोरीचं नाव येनार हाय." तिला वाचता येत नव्हतं. प्रिंट आणली की नावावर बोट ठेवून दाखव, म्हणाली होती.

ती वर्षं कापसाची वाईट होती. वस्तीतल्या बायांना हाताला काम मिळत नव्हतं. तरी आईला काकाजींच्या शेतात बोलावणं यायचंच, कारण तिची वेचणी स्वच्छ होती. बोंडातून काढलेल्या कापसाला काडी-कचरा चिकटलेला नसायचा. काकाजींच्या घरी वर्षभराच्या वाती वळायला जो कापूस लागायचा, तो दरवर्षी तिच्याकडूनच वेगळा वेचून घेत. त्याचा तिला मोठा अभिमान होता.

मी घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल. चार शिव्या तरी हासडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "तू कायले सांगतलं वं माहं नाव? चूप राह्यली असती तं काय बिघडत होतं?"

काकाजींचं बोलणं मी गिळलं होतं. हे मला गिळता आलं नाही. माझ्या आईला माझ्यासाठी स्वतःचं नाव लपवावंसं वाटलं. मी चुलीपाशी बसून रडले आणि तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. भाच्याने देवघर काढलं होतं, पण क्षेत्रफळ येत नव्हतं. नगरपालिकेत फाईल द्यायची होती, आणि क्षेत्रफळाशिवाय ती कोणी घेत नाही. काकाजी समोर सोफ्यावर चहा घेत होते.

"जरा बघून दे," सर म्हणाले. "जोडून दे फक्त. नाव त्याचंच राहील."

मी बसले. कोपरा मोठा करून बघितला. वरून भिंती जुळलेल्या दिसत होत्या, पण टोकं टेकलीच नव्हती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. माझा हात माऊसवर गेलाही.

मग हात थांबला. ऑफिसात मी नेहमी पुस्तकी बोलायचे. सरांना गावठी भाषा आवडत नसे. त्या दिवशी तोंडातून आईचीच भाषा आली.

"काकाजी, तुमच्या देवघरात जे वात जळते, तिचा कापूस माही माय वेचते. तो चालते. मंग माही रेघ काहून नाही चालत?"

काकाजींनी कप खाली ठेवला. सरांकडे बघितलं.

"तू फार मनाला लावून घेतेस," सर म्हणाले.

"जोडून देतो सर. पन खाली माहं नाव टाका. आडनावासकट."

"ते शक्य नाही."

"मंग हेही शक्य नाही."

मी माऊस सोडला, डबा उचलला आणि बाहेर पडले. बसस्टँडपर्यंत कशी पोचले, आठवत नाही.

नोकरी गेली. त्या हंगामात आईलाही काकाजींच्या शेतातून बोलावणं आलं नाही. वातींचा कापूस त्यांनी कोणाकडून वेचून घेतला, माहीत नाही. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. तिचं काम माझ्या तोंडामुळे गेलं होतं.

दोन वर्षांनी ती गेली. साध्या तापानं गेली. तोवर मी कामासाठी जोडे झिजवत फिरत होते, माझ्या नावाचा एकही नकाशा छापून आला नव्हता. बोट ठेवून दाखवायचं राहून गेलं. ते आता कशानंच भरून निघणार नाही, आणि भरून निघालं असं मी कोणाला म्हणूही देत नाही.

आज लोहाऱ्याच्या रस्त्यावर माझं टेबल आहे, एक जुना कॉम्प्युटर आहे. घरकुलाचे नकाशे येतात, बंगल्यांचेही येतात. खालच्या चौकटीत मी माझं पूर्ण नाव टाकते. मधलं नाव बापाचं टाकायची रीत आहे, मी आईचं टाकते. अक्षर मोठं ठेवते. परवा एक गिऱ्हाईक हळूच म्हणालं, "मॅडम, आडनाव नाही टाकलं तं नाही चालनार का?"

मी नकाशा उघडला, देवघराच्या भिंतीवर क्लिक केलं आणि जोडलेल्या रेषा त्याच्यासमोर सुट्या केल्या. क्षेत्रफळाचा आकडा गेला.

"नाव नसेल तर हे असंच राहील," मी म्हटलं. "न्या."