अटॅकवालं घराणं

माझ्या धाकट्या भावानं आत्महत्या केली, त्याला सहा वर्षं झाली. त्याला उचलायच्या आधीच आमच्या थोरल्या चुलत्यांनी सगळ्यांना ओसरीत बसवून बजावलं, "अटॅक आला म्हणायचं. पोरीला सोयरीक यायची हाय." भावाची पोर तेव्हा अकरा वर्षांची! भाऊ कित्येक महिने धड जेवत नव्हता, झोपत नव्हता, तेव्हा यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं. अब्रूचा विषय निघाल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. मीही शाळेत, येडशीच्या स्टेशनवर, भेटेल त्याला अटॅकच सांगत सुटले. शिक्षिका आहे मी, खरं बोला म्हणून मुलांना शिकवते. माझी मलाच किळस येते.

यंदा भाची बारावीला. माझ्याकडे आली होती, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, मला जगावंच वाटंना." मी गॅस बंद केला आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?" ती म्हणाली, "येतं. लई येळा."

तिला घेऊन चुलत्यांच्या घरी गेले, सगळं सांगितलं, तर त्यांचं निदान तयारच होतं: बाहेरचं झालंय. चुलतीचं त्याहून भारी: लग्न लावून टाका. जसं काही नवरा म्हणजे जेवणानंतर घ्यायची गोळी. वहिनीला, पोरीच्या आईला, या घरात बोलायची मुभाच नव्हती, पण तिनं पोरीची पिशवी भरून माझ्या हातात दिली. मी धाराशिवला मनाच्या डॉक्टरांकडे निघाले, तर चुलते गाडीत येऊन बसले. काळजी पोरीची नव्हती, माझ्या जिभेची होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणी आत्महत्या केली आहे का?"

"न्हाय जी," चुलते ताठ बसून म्हणाले. "आमचं खानदान चांगलं हाय."

शेजारी पोर मान खाली घालून बसलेली, आणि या माणसाला खानदान सुचत होतं! मी म्हणाले, "माझ्या भावानं केलीय. हिच्या वडलांनी."

चुलते माझ्यावर ओरडायला लागले. बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते तणतणत गेले.

मला भाचीकडे बघवेना. तिनंच माझा हात धरला.

"मला पयल्यापास्नं ठावं हाय, आत्या," ती म्हणाली. "मला ठावं हाय हे तुमाला कळलं तर तुमी रडताल, म्हणून म्या कुणाला बोलले न्हाय."