आत बारीक आवाज आहे

जुन्या ट्रकांच्या बाजारात त्याला सगळे वैद्य म्हणत. लांब लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनवर, दुसरं कानामागच्या हाडावर, आतला आवाज ऐकायला, आणि डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, याला उभ्याउभ्या डुलकी लागली. पण त्या डुलकीतून जागा होऊन तो जे बोले ती काळ्या दगडावरची रेघ असायची. आणि बोलणं तरी किती? 'घ्या', नाहीतर 'राहू द्या'. कारण सांगायचं नाही, ही त्याची पद्धत. कारण सांगितलं की विकणारा हुज्जत घालतो, घेणारा घासाघीस करतो आणि दलाल मध्येच तोंड खुपसतो, असं तो म्हणायचा. खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही होता. ज्याला कुणी कधी 'का' विचारत नाही, त्याला तोरा चढायचाच.

त्याची दुसरी अट म्हणजे, तो येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. आल्याआल्या तो उघडा तळवा इंजिनवर टेकवी आणि गरम लागलं की एक अक्षर न बोलता माघारी फिरे. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतं, त्याचा खरा स्वभाव गार असताना कळतो.

अशा माणसाच्या वर्कशॉपमध्ये एका सकाळी त्याची धाकटी बहीण आली आणि टायरवर बसली.

"दादा, हे ट्रक घ्यायचं म्हणतायत. ट्रेलर ओढणारा, मोठा. जुनाच आहे. तुलाच दाखवणार आहेत."

"मग बघतो की."

"बघ. आणि नको म्हण."

तो हसला. ती हसली नाही. तिच्या नवऱ्याची उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे ट्रक हाकण्यात गेली होती. आता कुठे तो एका गोदामात कामाला लागला होता आणि रोज संध्याकाळी घरी जेवायला बसत होता.

"पोरगी आधी बापाशी पाहुण्यासारखी वागायची," बहीण म्हणाली. "आता भांडते. टीव्हीच्या रिमोटवरून काल दोघं इतकी भांडली की मला रडूच आलं. दादा, फोन वाजला की उचलायच्या आधी मी देवाला हात जोडायचे, ते आत्ता कुठे थांबलंय."

"मग त्यांनाच सांग ना हे."

"मी सांगितलं तर माझ्यासाठी थांबतील आणि जन्मभर खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतील. तू नको म्हणालास तर त्या ट्रकला चार शिव्या घालतील आणि विसरतील. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?"

त्याने आठवून पाहिलं. मागितलं नव्हतं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. असल्या वेळी गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच, हे काय त्याला कळत नव्हतं? पण ती गेल्यावर त्याने स्वतःची समजूत काढली. जुनं इंजिन आहे, त्यात काहीतरी निघणारच. जे निघेल ते धरून 'राहू द्या' म्हणायचं. खोटं बोलायची वेळच येणार नाही.

ट्रक बाजाराच्या अगदी टोकाला, भिंतीलगत उभा होता. मेहुणा नवा शर्ट घालून आधीच हजर. ट्रक विकणारा म्हातारा जरा बाजूला उभा होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात घडी केलेलं फडकं. सगळं आयुष्य त्याने याच एका ट्रकवर काढलं होतं. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून विकत होता.

"सकाळपासून किल्लीला हात लावलेला नाही," म्हातारा म्हणाला. "तुमची पद्धत ठाऊक आहे."

वैद्याने तळवा टेकवला. इंजिन गार होतं. मग सुनेच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या सासूसारखा तो कामाला लागला. तेल मोजायची पट्टी ओढून तेल बोटांवर चोळलं. कणांची कचकच नाही. तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरकी साय, म्हणजे तेलात पाणी, तीही नाही. रेडिएटरचं पाणी निवळशंख, वर तेलाचा तवंग नाही. "लावा," तो म्हणाला. म्हाताऱ्याने वर चढून किल्ली फिरवली आणि इंजिनने पहिल्या हाकेला ओ दिली. धुराचा एक विरळ झोत आला आणि गेला. तेल जळल्याचा निळा नाही, पाणी शिरल्याचा पांढरा नाही. इंजिन चालू असताना त्याने तेलाचं झाकण काढून तोंडावर उलटं, नुसतं ठेवलं. झिजलेल्या इंजिनात आतला दाब हे झाकण नाचवतो, उडवून खाली पाडतो. इथे ते नुसतं थरथरत बसून राहिलं.

उरली सळई. त्याने डोळे मिटले आणि एकेका सिलिंडरवर, मग खाली, मग मागे अशी ती फिरवली. नेहमी तो इंजिन बरं आहे का हे ऐकायला जायचा. आज पहिल्यांदाच ते वाईट निघावं म्हणून ऐकत होता. पण इतकं निरोगी इंजिन त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर त्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली असती.

"राहू द्या," तो म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा पडला, पण त्याने मान हलवली. दादांनी सांगितलं म्हणजे विषय संपला. संपला नाही तो म्हाताऱ्यासाठी.

"का हो?" त्याने विचारलं.

हा प्रश्न वैद्याला कुणी विचारलाच नव्हता. जिभेवर जे आलं ते त्याने टाकलं. "आत बारीक आवाज आहे. खालून, बेअरिंगचा."

म्हाताऱ्याने फडकं खांद्यावर टाकलं, कंबर धरून वाकला आणि कान इंजिनजवळ नेला. बराच वेळ तो तसाच राहिला. "मला नाही येत ऐकू," तो शेवटी म्हणाला.

"सवय झाली असेल तुम्हाला," वैद्य म्हणाला आणि सळई पुसत चालू लागला.

त्या संध्याकाळी बहिणीने त्याच्या आवडीचं सगळं करून जेवायला बोलावलं. मेहुण्याने स्वतःच्या हाताने वाढलं. "दादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो. नाहीतर मी डोळे झाकून घेणार होतो तो ट्रक." बहीण त्याच्या ताटाकडे बघत होती, डोळ्यांकडे बघत नव्हती. दोन घास खाऊन त्याने ताट सरकवलं. पोट बिघडलंय असं सांगून तो उठला. चला, आणखी एक खोटं.

त्याला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरू. पण सळई कानाला लावली की ते झाकण डोळ्यांपुढे यायचं, थरथरत बसून राहिलेलं. बाजारात त्या टोकाला जायचं तो टाळू लागला. एकदा चहाच्या टपरीवर एका दलालाने त्याला गाठलं. "वैद्य, तुमच्या शब्दाला तोड नाही हं. त्या भिंतीलगतच्या ट्रकला नंतर कुणी हात लावला नाही. आता म्हाताऱ्याने इंजिन खोललंय म्हणे. आवाज शोधतोय."

चहा तसाच टाकून वैद्य निघाला.

ट्रकखालचं तेलाचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं होतं. बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या गोणपाटावर ओळीने मांडलेल्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या. म्हातारा शेजारी बसून एकेक वाटी उजेडात धरून बघत होता. वैद्याला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तेच वैद्याला सोसवलं नाही.

"बरं झालं आलात! दाखवा बघू, यातली कुठली? मला तर एकीवरही ओरखडा दिसत नाही."

वैद्य खाली बसला. त्याने सगळ्या वाट्या हातात घेऊन पाहिल्या. बघायची गरज नव्हती, पण तेवढाच वेळ मिळाला.

"कानच गेले माझे," म्हातारा म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणतो, वयाच्या मानाने ठणठणीत आहेत. पण त्याने कधी इंजिन ऐकलंय? हल्ली रस्ता ओलांडायला लेकीचा हात धरतो. ज्याला स्वतःच्या ट्रकचा आवाज येत नाही, त्याला मागून येणारी गाडी काय ऐकू येणार?"

"आवाज नव्हता," वैद्य म्हणाला.

"अं?"

"इंजिनात आवाज नव्हता. काहीच नव्हतं. मी खोटं बोललो. चुकलं माझं."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसला. "जाऊ द्या हो. माझ्याकडे बघून म्हणताय. मला वाईट वाटू नये म्हणून."

वैद्याने शपथ घेतली, हात जोडले. म्हातारा मान हलवत राहिला. वैद्य कशाला खोटं बोलेल? सगळा बाजार ज्याच्या शब्दावर चालतो, त्याला काय पडली होती? त्याचं खोटं एका वाक्यात खपलं होतं आणि खरं काही केल्या खपत नव्हतं.

शेवटी त्याने फोन काढला. म्हाताऱ्यालाही ऐकू यावं म्हणून तो गोणपाटावर ठेवला आणि स्पीकर लावून मेहुण्याचा नंबर दाबला.

"बोला दादा!"

"भाऊजी, तो भिंतीजवळचा ट्रक. मी तुमच्याशी खोटं बोललो. इंजिन एकदम चोख आहे. ज्यांचा ट्रक आहे ते इथेच बसलेत, तेही ऐकतायत. तुम्ही तो घ्या."

पलीकडची गोदामातल्या गाड्यांची घरघर लांब गेली; मेहुणा बाजूला आला असावा.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

वैद्याच्या डोळ्यांपुढे बहिणीचं ते ताटाकडे बघणं आलं. "कुणी नाही. माझंच डोकं फिरलं होतं."

"बरं," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दादा, मी तुम्हाला कधी 'का' विचारलं नाही. आजही विचारत नाही. एवढंच सांगा, तुमचं ते 'राहू द्या' खोटं होतं, मग आताचं हे 'घ्या' खरं कशावरून?"

वैद्याजवळ एक शब्दच काय तो होता, आणि तोच आता खोटा पडला होता. मेहुण्याने फोन ठेवला.

म्हातारा फोनकडे बघत होता. मग त्याने वैद्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि आता त्याला पटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं समजूतदार हसू गेलं.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, सवय झाली असेल."

म्हातारा कण्हत उठला, गुडघे सरळ केले आणि ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला, पाठ करून. "बसवा सगळं," तो म्हणाला. "बसवून झालं की मी चालू करेन. ऐकेन मी. तुमची सळई नको."

वैद्याने सळई भिंतीला टेकवली, पहिली वाटी उचलली आणि ट्रकखाली शिरला.