बयाबाईच्या दारात

रोज सकाळी शालन स्टोव्हवर टोचणीच्या सुया उकळत ठेवायची आणि पाणी खदखदू लागलं की मनातल्या मनात सहाशेपर्यंत आकडे मोजायची. पुढे मनगटावर घड्याळ आलं, तरी मोजणं सुटलं नाही. तिनं कामात कुचराई केली असं कुणी म्हणू शकलं नसतं. एका घरापुरतं मात्र ती स्वतःच तसं म्हणे.

वडील सीताराम लोणावळ्याला रेल्वेत गँगमन. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि चार वर्षांनी शालन पुण्याला शिकून देवी टोचायच्या कामावर लागली. बाईमाणसानं हे काम करणं मावळात नवंच होतं. पहिल्याच महिन्यात एका घरात बाळाला टोचून ती बाहेर पडली, तोच मागून पाण्याचा सपकारा ऐकू आला. ती बसली होती ती जागा घरची बाई धुऊन काढत होती. त्या दिवशी शालननं ठरवलं, या म्हटल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. पोरं अंगणात आणा, अंगणातच टोचीन.

त्रेसष्टच्या फाल्गुनात जवळच्या गावात देवीची साथ लागली, म्हणून ती भुशीच्या वरच्या वाडीवर गेली. लशीचा बर्फ घातलेला थर्मास घेऊन शिपाई भिमाजी सोबत होता. शेवटचं घर बयाबाईचं. टोचलं की देवी कोपते, अशी म्हातारीची समजूत. ती दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी.

"आत कोण आहे, मावशी?"

"कुनी न्हाई. समदी रानात गेल्यात."

"आणि नात?"

"आयसंगं मामाच्या गावाला."

तेवढ्यात आत झोळीची दोरी करकरली. एकदा, मग पुन्हा.

भिमाजी हळूच म्हणाला, "बाई, झोळी काय वाऱ्यानं हलतीया व्हय? जा की आत. म्हातारी काय वाघीण हाय?"

"मला आत बोलावलेलं नाही," शालन म्हणाली आणि वहीत लिहिलं, घर पूर्ण.

पंधरवड्यात त्या दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. दीड वर्षाची चिमा वाचली, पण डावा डोळा गेला. वाडीत दुसऱ्या कुणाच्या अंगावर फोड उठला नाही.

वैशाखात बयाबाई करवंदांची दुरडी घेऊन दवाखान्यात आली. "बाई, तुज्यामुळं वाडीची पोरं वाचली. म्या येडीनं माजी लपवली. माजंच पाप."

मावशी, मला दोरी ऐकू आली होती, हे शालनच्या ओठांवर आलं. पण म्हातारी रडत होती, भोवतालची माणसं कौतुकानं बघत होती. शालननं दुरडी घेतली. त्यातलं एकही करवंद तिला खाववलं नाही.

त्यानंतर ती बोलावण्याची वाट न बघता घरांत शिरू लागली. कणगीमागे, माळ्यावर, गोधडीखाली पोरं शोधू लागली. लोक तिला उर्मट म्हणाले, एकीनं अंगावर राख फेकली. झालेला अपमान खरा होता, ते ती कधी विसरली नाही. पण तो दीड वर्षाच्या पोरीनं केला नव्हता.

देवी देशातून गेल्याचं जाहीर झालं, त्या वर्षी ती एकटीच वाडीवर गेली. बयाबाई तोवर वारली होती. चिमा आता पंधरा-सोळा वर्षांची, अंगणात नाचणी पाखडत बसली होती. शालननं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोरी, भिमाजीचं बोलणं, वहीतले दोन शब्द.

चिमाचे हात थांबले. "आजी मरंस्तवर सोताला बोल लावत हुती. तिला का न्हाई सांगितलंस?"

डोळ्याबद्दल काय बोलायचं ते शालन चौदा वर्षं मनात जुळवत आली होती. आजीबद्दल तिनं काहीच जुळवलं नव्हतं.

चिमानं पुन्हा सूप हलवायला घेतलं. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. डोंगराकडून वारा सुटला आणि कोंडा उलटा तिच्या तोंडावर येऊ लागला. थोडा वेळ बघून शालन तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"सूप दे इकडं," ती म्हणाली, "वारा फिरलाय, डोळ्यात जाईल."