पापुद्र्याआड

घाटातलं आपलं पारजांभळाचं झाड आज सकाळी रस्त्यासाठी तोडलं, असं फोनवर कळलं तेव्हापासून जेवणावर वासना नाही. मी नुसती आडवी होते. पलीकडे माई, माझ्या सासूबाई, भांडी आवरतायत. त्यांचा आवाज लांब लांब जातो.

आणि अच्युत, माझा नवरा, समोर स्टुलावर बसलेला असतो.

"झाड तोडलं रे. पार बुंध्यापासून."

"हं."

"हं काय? तुझा पतंग त्या एकाच झाडावर होता!"

पतंग म्हणायचं, पण पाहिलाय कुणी? अळी तेवढी ठाऊक. तिळाहून बारीक. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते, आतलं हिरवं खात सरकते, मागे पांढरी नागमोडी रेघ. पतंग बाहेर पडताना बघायचा म्हणून अच्युतने कितीदा ती पानं घरी आणली. सगळ्या अळ्या आतच मेल्या.

स्टूल आता दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. भिंतींवर शेवाळ चढलंय.

"अच्युत, तू गेलायस ना? मीच अग्नी दिला तुला."

"हो गं," चहा घेतला का विचारल्यासारखं तो म्हणतो आणि शर्टाची बटणं काढतो.

गळ्यापासून एक पांढरी रेघ कातडीखालून वळत वळत छातीकडे निघालीय. तिचं टोक हलतंय.

"दुखतं?"

"छे, गुदगुल्या होतात."

"थांब, डॉक्टरांना बोलावते."

मी पाऊल उचलते ते ओल्या पाचोळ्यात. घाट. अच्युत तोडलेल्या बुंध्याला टेकलाय.

"बोट ठेव इथे. लवकर! मला इथून दिसत नाही. तू बघून सांग."

मी रेघेच्या टोकावर तर्जनी टेकवते. त्याची कातडी वाळक्या पानासारखी फाटते. रक्त नाही. काहीतरी इवलंसं माझ्या बोटावर चढतं, ओले पंख उलगडतं. जांभळट काळे, मधोमध रुपेरी पट्टा.

"कसा आहे?" अच्युत विचारतो. "सांग ना गं, कसा आहे?"

मी सांगायला तोंड उघडते.

माई मला गदागदा हलवतायत. खिडकीत लख्ख ऊन.

"केवढ्यांदा किंचाळलीस! आणि हे काय लागलंय बोटाला?"

तर्जनीच्या टोकावर रुपेरी भुकटी चमकतेय. माई वाकून बघतात, गाल फुगवतात.

"माई, फुंकू नका!"