साडूच्या गोळ्या आणि सारसोळ्याची कालवं

माझ्या नखांवर पांढरे ठिपके आहेत हे साडूने आमच्याच घरी भर पंगतीत जाहीर केलं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा; नोकरी सांभाळून ताकदीच्या गोळ्यांचे डबे विकणारा. माझा हात त्याने असा उंच धरला, की खालच्या पामबीच रस्त्यावरच्या गाड्यांनाही दिसला असेल.

"झिंक कमी! मेहुणीबाई, तुमच्या मटकीत काय दम नाही. कचरा खाऊ घालता याला!"

बायको नुसती हसली. पण त्यानंतर चार रविवार आमच्याकडे मटकी भिजली नाही. जिच्या उसळीच्या वासाने लिफ्ट आपोआप आमच्या मजल्यावर थांबायची, ती बाई भेंडी परतायला लागली. मी ठरवलं, साडूला सोडायचा नाही.

आधी बेलापूरला, ऑफिसशेजारच्या डॉक्टरीणबाईंना नखं दाखवली. "ड्रॉवरमध्ये बोटं चेमटतात ना? बहुतेक मार लागल्याचे डाग आहेत," त्या म्हणाल्या. "मोडाची कडधान्यं, तीळ, अंडी, भोपळ्याच्या बिया खात जा. मोड आले की त्यातलं झिंक अंगाला जास्त लागतं. शिंपल्यातली कालवं मिळाली तर ती सगळ्यांचा बाप. उगाच गोळ्या नकोत. रिकाम्या पोटी तर फार मळमळतं."

हे शेवटचं वाक्य मी जपून घरी आणलं आणि साडूला सहकुटुंब जेवायला बोलावलं.

मटकी मीच भिजवली, फडक्यात बांधली. ओल्या कचऱ्यात जाणाऱ्या भोपळ्याच्या बिया वाचवून भाजल्या. रविवारी सकाळी सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन कालवं आणली. "दादा, त्याचं पानी फेकू नको," कोळीणबाईंनी बजावलं, "सगली चव त्याच्यातच हाय." फोडणी बायकोने दिली, तोंड फिरवून.

मेजवानी म्हणून साडू सकाळपासून उपाशी होता. जेवणाआधी गोळी हा त्याचा नेम. आल्याआल्या सगळ्यांना दाखवत त्याने दोन गिळल्या. "हं, वाढा!"

"भात व्हायचाय, साडूभाऊ. चला, गच्चीवरची नवी टाकी दाखवतो." टाकी बघायला दोन मिनिटं लागतात. मी सव्वा तास दाखवली. झाकणसुद्धा तीनदा उघडून दाखवलं.

पानावर बसला तेव्हा गडी पोपटासारखा हिरवा झाला होता. कालवांचा वास आला आणि तो बेसिनकडे असा पळाला, की पंख्याची गरज उरली नाही. परत आला तो कपाळाला ओला रुमाल लावून. समोर त्याची बायको तिसऱ्यांदा उसळ घेत होती.

माझी बायको पळी घेऊन त्याच्याजवळ गेली. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी लग्नातही बोलली नव्हती.

"भावोजी, थोडा कचरा वाढू?"

त्याने मानेनेच नको म्हटलं. निघताना त्याच्याच बायकोने उरलेल्या गोळ्या रुमालात ओतल्या आणि डब्यात आमच्या भाजलेल्या बिया भरून घेतल्या.

सोमवारी उठलो तर ओट्यावर मटकी भिजत होती. लग्नकार्यातलं मोठं पातेलं भरून!

"एवढी कशाला गं?"

"पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय त्यांना," ती म्हणाली. "टाकी नीट बघून झाली नाही ना त्यांची."